पाणचक्की चालते ती नहरीच्या जिवावर

छत्रपती संभाजीनगरला आलेला पाहुणा बिबी का मकबरा पाहून पाणचक्कीकडे वळतो, हौदातले मासे बघतो, जात्यापाशी घटकाभर थांबतो आणि निघतो. त्याने पाहिलेले असते ते एका लांबलचक जलव्यवस्थेचे फक्त शेवटचे टोक.

मलिक अंबरने १६१० मध्ये खाम नदीकाठी खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली, तेव्हा पाण्याचा प्रश्न होताच. उत्तरेच्या डोंगरउतारावर जमिनीत झिरपणारे पाणी गोळा करून ते बंदिस्त नहरीने, निव्वळ उताराच्या बळावर त्याने शहरात आणले. ती नहर-ए-अंबरी. पुढच्या नहरी याच पद्धतीने बांधल्या गेल्या आणि पाणचक्कीची नहर त्यांपैकीच एक.

पाणचक्कीचे आवार मुळात दर्ग्याचे. मध्य आशियातल्या बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवानहून आलेले नक्षबंदी पंथाचे सूफी बाबा शाह मुसाफिर इथे स्थिरावले. त्यांचे गुरू बाबा पलंगपोश यांचा वावर मुघल सरदार फिरोजजंगाच्या फौजेत होता. तिथल्या मध्य आशियाई शिपायांचे ते श्रद्धास्थान. हा फिरोजजंग म्हणजे पहिल्या निजामाचा, आसफजाहचा बाप. त्यामुळे पुढे आसफजाहच्या पदरच्या तुर्कताजखानाने दर्ग्यासाठी एवढे मोठे काम काढावे, याचे नवल वाटत नाही.

बांधकामाचे साल कुठे १६९५ तर कुठे १७४४ असे छापलेले आढळते. मला पहिले पटत नाही. १६९५ मध्ये आसफजाह जेमतेम चोविशीचा होता. त्याला दख्खनची सुभेदारी मिळाली ती १७१३ मध्ये. तेव्हा चक्की अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली मानणेच योग्य.

खरे कौशल्य पाणी आणण्यात आहे. हर्सूलच्या बाजूने काही किलोमीटरवरून खापरी नळांतून पाणी येते. मूळ उंचीवर असल्याने बंद नळातल्या पाण्याला दाब मिळतो, आणि त्या दाबावर ते आवारातल्या उंच भिंतीत वर चढून हौदात कोसळते. पाण्याच्या धारेने पाती फिरतात आणि त्यांच्याबरोबर जाते. बैल नाही, माणसाचा हात नाही. दर्ग्यात उतरणारे फकीर, यात्रेकरू आणि शिपाई यांच्यासाठी इथे दळण होई. मशिदीपुढचा सुमारे पन्नास मीटर लांबीचा हौद जमिलबेगखानाने नंतर बांधला. या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात डोक्यावर पाणी खेळवून गारवा मिळवण्याची ही युक्ती मला चक्कीइतकीच मोलाची वाटते.

आज इथे दळण होत नाही. जाते फिरते ते पाहणाऱ्यांसाठी. आवार वक्फच्या देखरेखीखाली आहे, वास्तू वारसा म्हणून जपली जाते. नहर मात्र वस्त्यांखालून, रस्त्यांखालून, शेतांखालून येते. तिच्या माथ्यावरची बांधकामे, जवळ खोदलेल्या विंधनविहिरी, नळात शिरणारी झाडांची मुळे यांनी पाणी घटते, आणि त्याचा पहिला परिणाम चक्कीवर दिसतो. म्हणून वास्तूच्या डागडुजीआधी नहरीचा सगळा मार्ग नकाशावर आखून त्यावरची खोदाई थांबवायला हवी.