उन्हाळी (मूत्राशयदाह)

लघवी करताना आग होणे, थेंबथेंब होणे आणि जाऊन आल्यावर लगेच पुन्हा लागल्यासारखे वाटणे, या त्रासाला मराठीत ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात. मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला सूज येणे, म्हणजे मूत्राशयदाह किंवा सिस्टायटिस, हे त्याचे नेहमीचे कारण. आयुर्वेदात हा त्रास मूत्रकृच्छ्र या नावाखाली येतो. नागपुरात दवाखान्यात ‘युरिन इन्फेक्शन’ म्हणतात, घरात मात्र ‘गर्मी झाली’ एवढ्यावर भागते.

या नावानेच थोडा घोळ केला आहे, कारण उन्हाळी या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी बसतात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. २५ मेच्या सुमारास सुरू होणाऱ्या नवतपाच्या नऊ दिवसांत तर दुपारी रस्ते ओस पडतात. अंगातले पाणी घामावाटे निघून जाते आणि उरलेली लघवी थोडी, गडद पिवळी व दाट होते. तिनेही चुरचुरते. ही पहिली उन्हाळी. माठातले पाणी, ताक किंवा पन्हे पोटात गेले की ती संध्याकाळपर्यंत ओसरते. दुसरी उन्हाळी जंतूंची. आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू मूत्रमार्गातून वर चढून मूत्राशयात ठाण मांडतो. मूत्राशयदाहाच्या बहुतेक रुग्णांत तोच सापडतो. ही बाराही महिने होते आणि नुसत्या सरबताने ती जाईलच याचा भरवसा नसतो. घरगुती उपायांबद्दल ‘आम्हाला तर एका दिवसात गुण आला’ आणि ‘आठवडाभर करून काहीच झाले नाही’ असे दोन्ही अनुभव ऐकू येतात, त्याचे उत्तर बरेचसे इथेच आहे.

स्त्रियांना हा त्रास फार अधिक होतो. त्यांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांब व गुदद्वाराजवळ असतो, तर पुरुषांचा सुमारे २० सेंटिमीटर. निम्म्याच्या आसपास स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. शरीरसंबंध, गरोदरपण, मधुमेह, मुतखडा, जुनी बद्धकोष्ठता आणि पाळी गेल्यानंतर योनिमार्गाला येणारा कोरडेपणा ही त्यात भर घालणारी कारणे. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा त्रास झाला, तर तो वारंवार होणारा संसर्ग धरतात.

या यादीत एक कारण क्वचितच लिहिले जाते. नागपूरच्या सीताबर्डीत किंवा इतवारीत खरेदीला निघालेली बाई घरूनच पाणी न पिता निघते, कारण बाजारात लघवीला जायचे कुठे हा प्रश्न असतो. दुकानात दिवसभर उभ्या असलेल्या मुली, शाळेतल्या बाई, भाजीवाली यांचे रोजचे गणित हेच. तोंडाला दुपट्टा बांधून, गाडीवर उन्हातून हिंडून त्या घरी पोचतात तेव्हा सकाळपासून एकदाच लघवीला गेलेल्या असतात. लघवी मूत्राशय धुऊन काढते. ती कमी झाली आणि वर तासन्‌तास अडवून धरली, की जंतूंना वाढायला उसंत मिळते. पाणी पिण्याचा फायदा मोजूनही पाहिला गेला आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पेये घेणाऱ्या आणि वारंवार त्रास होणाऱ्या १४० स्त्रिया होत्या. त्यांतल्या निम्म्यांनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायले. त्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा.

घरगुती उपायांत पहिला मान धन्याचा. मूठभर धने खलबत्त्यात अर्धवट कुटून, रात्री तांब्याभर पाण्यात भिजत घालायचे. सकाळी पाणी गाळून, खडीसाखर घालून दिवसभरात थोडे थोडे प्यायचे. कोणी त्यात जिरे टाकते, कोणी सब्जा. माठात वाळ्याची जुडी सोडणे हाही त्यातलाच प्रकार. ज्या वाळ्याच्या ताट्या कूलरला लागतात त्याचीच ही मुळे.

पळसाची गोष्ट विदर्भाची खास. फेब्रुवारी-मार्चमध्ये नागपूरभोवतालच्या रानात पाने झडलेला पळस केशरी फुलांनी पेटतो. धुळवडीच्या रंगासाठी वेचलेली फुले सावलीत सुकवून उन्हाळ्यासाठी डब्यात ठेवतात. रात्रभर भिजवली की पाणी केशरी होते, ते साखर घालून पितात. लघवी अडल्यासारखी झाली, तर हीच फुले वाफवून फडक्यात घालून ओटीपोटावर बांधतात. या शेकाने कळ कमी होते, पण कोमट पाण्याच्या पिशवीनेही ती होते.

गोखरू म्हणजे आपला सराटा, पडीक शेतात सायकलचे टायर पंक्चर करणारे काटेरी फळ. चरकसंहितेत लघवी साफ करणाऱ्या दहा द्रव्यांचा जो गट दिला आहे, त्यात ‘श्वदंष्ट्रा’ या नावाने गोखरू आहे. सोबत पाषाणभेद, दर्भ, कुश, काश ही मंडळी. इतवारीच्या किराणा ओळीत सुके गोखरू मागितले, तर लहान की मोठे असे विचारतात. लहान म्हणजे सराटा. मोठे गोखरू ही निराळी वनस्पती. तिची ओली पाने पाण्यात ढवळली की पाणी बुळबुळीत होते. काढ्यात लहान वापरण्याचा प्रघात अधिक. गोक्षुरादी गुग्गुळ, चंद्रप्रभा वटी ही तयार औषधे वैद्य देतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत गोखरूचा मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारा, गुण दिसला आहे. माणसांतला संसर्ग तो एकट्याने बरा करतो असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही. बहुतेक काढ्यांचा निम्मा गुण त्यांतल्या पाण्याचाच असावा, असे म्हटले तर वैद्यमंडळींनी रागावू नये. कुळथाचे कढण मात्र मुतखड्यासाठी सांगितलेले आहे, ते उगीच इथे ओढले जाते. मधुमेह्याने उसाचा रस ‘थंड’ म्हणून पिऊ नये, आणि गरोदर बाईने कोणताही काढा विचारल्याशिवाय घेऊ नये.

परदेशातून आलेला उपाय क्रॅनबेरीचा. २०२३ मध्ये ५० अभ्यासांचा जो आढावा निघाला, त्यात वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांत क्रॅनबेरीमुळे संसर्गाचा धोका सुमारे २६ टक्के घटल्याचे आढळले. हा उपयोग संसर्ग टाळण्यासाठी आहे. सुरू झालेला संसर्ग त्याने बरा होत नाही. केकवर चेरी म्हणून बसणारे पाकवलेले लाल करवंद म्हणजेही क्रॅनबेरी नव्हे. डी-मॅनोज या साखरेच्या पुडीचा गाजावाजा बराच झाला, पण २०२४ च्या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत तिचा फायदा दिसला नाही.

रोजच्या सवयी साध्याच आहेत : लघवी अडवून न धरणे, शौचानंतर पुढून मागे धुणे, संबंधानंतर लघवीला जाऊन येणे, सुती अंतर्वस्त्रे वापरणे, सुगंधी साबण व ‘इंटिमेट वॉश’ दूर ठेवणे. पाळी गेलेल्या स्त्रियांना योनिमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमचा चांगला उपयोग होतो. संकोचाने तो विषयच निघत नाही.

थंडी वाजून ताप, कमरेच्या वर बाजूला दुखणे किंवा उलट्या असतील, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लघवीत रक्त दिसले तरी तसेच करावे. गरोदर स्त्री, लहान मूल, पुरुष व मधुमेही यांनी घरगुती उपायांत वेळ घालवू नये. औषधाच्या दुकानातून आणलेले गोड सायट्रेटचे औषध आग शमवते, जंतू मारत नाही. शिवाय त्याने लघवी अल्कधर्मी होते आणि नायट्रोफ्युरॅन्टॉइन या नेहमीच्या प्रतिजैविकाचा जोर कमी पडतो. उरलेल्या जुन्या गोळ्यांपैकी दोन-तीन घेऊन मग तपासणीला जाण्याची खोड तर फारच महागात पडते, कारण तेवढ्याने कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू उगवत नाहीत आणि कोणते औषध चालेल ते कळत नाही. औषधे घेऊनही लघवीत पू दिसत राहिला व कल्चर कोरे आले, तर आपल्याकडे क्षयरोगाचीही शंका घ्यावी लागते.

नमुना देताना पहिली धार सोडून मधली लघवी निर्जंतुक डबीत घ्यायची आणि दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायची. उशीर होणार असेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवायची. मे महिन्यात ती गाडीच्या डिकीत टाकून आधी बँकेचे काम उरकले, तर रिपोर्टात दिसणारे जंतू मूत्राशयातले किती आणि डिकीत वाढलेले किती, हे कोणालाच सांगता येत नाही.