भेगाळणारी माती औषधं धरते तेव्हा

एप्रिलमध्ये परभणीकडच्या काळ्या रानात अशा भेगा पडतात, की हात कोपरापर्यंत आत जातो. मृगाचा पाऊस झाला की त्याच भेगा मिटतात आणि चिखल चप्पल सोडत नाही. घराच्या पायाला ही माती वाईट, भिंती तडकवते. पण फुगण्याची हीच खोड पाण्यातली औषधं धरायच्या कामी येते.

मधुमेहाचं मेटफॉर्मिन शरीरात मोडत नाही, लघवीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या प्रतिजैविकांचाही मोठा भाग असाच सांडपाण्यात जातो. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं मुळात अशा रेणूंसाठी बांधलेलीच नाहीत. प्रतिजैविकांच्या अत्यल्प मात्रेत वाढलेले जिवाणू पुढे औषधाला दाद देईनासे होतात, आणि मला सर्वांत जास्त भीती त्याचीच वाटते.

दख्खनचा बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत स्मेक्टाइट गटातली खनिजं भरपूर असतात. त्यांतलं सर्वांत परिचित म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट. त्याचा कण म्हणजे भाकरीची चवडच, फक्त एकेक भाकरी जेमतेम १ नॅनोमीटर जाडीची. थरांवर ऋणभार असतो, म्हणून त्यांच्यामध्ये सोडियम, कॅल्शियमचे धनभारित आयन बसलेले असतात. पाणी शिरलं की थर फाकतात. शुद्ध खनिजाच्या १ ग्रॅममधले सगळे थर सुटे करून पसरले, तर सुमारे ७०० चौरस मीटर जागा व्यापतील. चिमूटभर मातीत ७ गुंठे रान! धनभाराचा औषधी रेणू आला की सोडियम जागा सोडतो आणि रेणू तिथे ठाण मांडतो. मेटफॉर्मिन असंच अडकतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि टेट्रासायक्लिनलाही ही माती चांगली धरते.

डायक्लोफेनॅकचं तसं नाही. नेहमीच्या पाण्यात त्याच्यावर ऋणभार असतो, त्यामुळे माती त्याला लोटते. जनावरांना टोचलेल्या याच वेदनाशामकानं आपली गिधाडं संपत आणली. २००६ मध्ये भारतानं त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. त्याला धरायचं तर लांब शेपटीचे, धनभारी डोक्याचे रेणू आधी थरांमध्ये बसवावे लागतात. मग आतली जागा तेलकट होते आणि डायक्लोफेनॅक तिथे टिकतं.

माती औषधं धरते म्हणून कोणी रानातलं ढेकूळ माठात टाकू नये. कच्च्या मातीत जंतू असतात, खता-फवारणीचे अंश असतात, आणि तिचा गढूळपणा लवकर खाली बसत नाही. खनिज वेगळं काढून त्याचे दाणे करावे लागतात. औषधानं भरलेली माती बांधावर फेकूनही चालत नाही. भट्टीत तापवून औषध जाळता येतं, पण आच फार झाली की थर कायमचे मिटतात, आणि मग ती माती पुन्हा फुगत नाही.