घंटेत चांदी घातली तर?

देवळाची घंटा ओतताना रसात थोडी चांदी सोडली की नाद गोड होतो, अशी जुनी समजूत आहे. युरोपातही चर्चच्या घंटांबद्दल लोक हेच सांगत. धातुशास्त्राला ते पटत नाही. लंडनची बिग बेन १८५८ साली ओतली ती तांबं २२ भाग आणि कथील ७ भाग अशा मिश्रणातून, म्हणजे चक्क काशातून.

गंमत कथलात आहे. कथील स्वतः इतकं मऊ की त्याचा पत्रा हातानं वाकतो. तांब्यात ते साधारण १५ टक्क्यांपर्यंत विरघळतं. त्यापुढे गेलं की तांबं-कथलाचं एक वेगळंच, कठीण संयुग तयार होतं. त्यातले अणूंचे थर एकमेकांवरून सहजी घसरत नाहीत. त्यामुळे टोल्याची ऊर्जा धातूच्या आतच उष्णता होऊन जिरत नाही, कंपनात टिकते आणि घंटा बराच वेळ घुमत राहते. पण न घसरणारे थर म्हणजे ठिसूळपणाही आलाच. बिग बेनला १८५९ मध्ये, पहिल्या काही महिन्यांतच, जड हातोड्यानं तडा गेला. मग घंटा थोडी फिरवली, हलका हातोडा बसवला, आणि तड्यासकट ती आजही वाजते.

चांदीचं वळण निराळं. तांब्याचा अणू चांदीच्या अणूपेक्षा सुमारे ११ टक्के लहान, म्हणून थंड झाल्यावर दोघांचं फारसं जमत नाही. बरंचसं तांबं वेगळे कण होऊन चांदीत विखरून राहतं. हे कण थरांची घसरण अडवतात. त्यामुळे ७.५ टक्के तांबं घातलेली स्टर्लिंग चांदी शुद्ध चांदीच्या दुपटीहून कठीण होते, तरी ठिसूळ होत नाही, कारण दोन्ही धातू मुळात मऊच. दागिन्याला, नाण्याला हेच हवं. इंग्रजी अमलातला बंदा रुपया ११.६६ ग्रॅमचा, बाराला अकरा भाग चांदीचा. १९४० मध्ये चांदी निम्म्यावर आली. दुकानदार रुपया वाजवून घेत, म्हणजे चांदीलाही नाद आहेच. फक्त काशापेक्षा ती जड आणि कमी ताठ, त्यामुळे घंटेला तिचा उपयोग नाही.

वितळण्यात मात्र चांदी-तांबं बाजी मारतं. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबं १०८५ ला, आणि २८ टक्के तांब्याचं मिश्रण केवळ ७७९ अंशांना! चांदीच्या झाळकामाचा सगळा आधार हाच.

काशाची खोड याहून विचित्र. पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं, हे विळा-कोयत्याला पाणी देणारा कुणीही सांगेल. कासं लालबुंद करून पाण्यात टाकलं तर त्याचा ठिसूळपणा कमी होतो. तापल्यावर बनलेली घडण झटक्यात थिजते आणि ते ठिसूळ संयुग तयार व्हायला सवडच मिळत नाही. म्हणूनच काशाची ताटं-वाट्या तापवून ठोकता येतात आणि पाण्यात विझवल्या की लगेच तडकत नाहीत.