मे महिन्यातला सोळा कोरचा प्रोसेसर

विदर्भात लग्नसराई आणि कडक उन्हाळा एकाच वेळी येतात. त्यामुळे तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ चालवणाऱ्याकडे लग्नाच्या व्हिडिओंचे सर्वांत जड काम नेमके तेव्हा साचते, जेव्हा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. अशा ठिकाणी महागडा डेस्कटॉप प्रोसेसर घ्यावा का, हे ठरवताना वातानुकूलित खोलीत घेतलेल्या चाचण्यांचे आकडे पुरेसे ठरत नाहीत.

उदाहरणादाखल २०२२ साली आलेला एएमडी कंपनीचा रायझन ९ ७९५०एक्स घेऊ. त्यात १६ कोर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) असून ते एका वेळी ३२ थ्रेड, म्हणजे कामाचे धागे, हाताळतात, एखादा कोर ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत धावू शकतो आणि पूर्ण भार असताना हा प्रोसेसर २३० वॅटपर्यंत वीज घेतो. त्याच वर्षीच्या इंटेल कोअर आय९-१३९००के या २४ कोरच्या प्रोसेसरची कमाल मर्यादा २५३ वॅट आहे. प्रोसेसरने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते, आणि ती वाहून नेणारी हवा खोलीतलीच असते. वीज आणि पंख्याचा वेग तेवढाच राहिला, तर चिप आणि खोली यांच्या तापमानांतला फरकही साधारण तेवढाच राहतो. म्हणजे २२ अंशांच्या खोलीत ८० अंशांवर चालणारी चिप ४२ अंशांच्या खोलीत १०० अंशांवर जायला हवी. पण रायझनची मर्यादा ९५ अंश असल्याने तो तिथे आपला वेग आपोआप कमी करतो. प्रोसेसर जळत नाही, मात्र ज्या वेगासाठी पैसे मोजले त्यातला काही भाग उन्हाळाभर मिळत नाही. जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या, फटींत अडकलेले असतील, तर हे नुकसान आणखी वाढते.

तरीही असा प्रोसेसर विदर्भासाठी निरुपयोगी आहे, असे मी म्हणणार नाही. चिपचा वीजवापर ढोबळमानाने व्होल्टेजचा वर्ग गुणिले वेग या प्रमाणात बदलतो. वेग आणि व्होल्टेज दोन्ही १० टक्क्यांनी उतरवले, तर वीज सुमारे २७ टक्क्यांनी घटते. शेवटचे काही मेगाहर्ट्झ मिळवण्यासाठी सर्वाधिक वीज जळते, ती यामुळेच. मदरबोर्डच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) इको मोड हा कमी विजेचा पर्याय निवडून हाच प्रोसेसर १४२ वॅटवर बांधता येतो, आणि तेव्हा सोळाही कोर थोड्या कमी वेगाने, पण दिवसभर एकसारखे काम करत राहतात. आठ तास पूर्ण भार धरला तर एकट्या प्रोसेसरचा वापर १.८४ युनिटवरून १.१४ युनिटवर येतो. माझ्या मते जास्त कोर असण्याचा खरा लाभ हाच आहे, कारण थोड्या कोरना जोरात पळवण्यापेक्षा पुष्कळ कोरना सावकाश चालवणे कमी विजेत साधते.

अर्थात काम वाटून देता येण्याजोगे हवे. संगणकतज्ज्ञ जीन अॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेल्या विचारानुसार, कामाचा ९० टक्के भाग वाटता येत असला तरी १६ कोरांनी ते १६ पट नव्हे, तर ६.४ पटच लवकर होते. रेंडरिंग (संपादित व्हिडिओची अंतिम फाइल तयार करणे) किंवा ड्रोनच्या शेकडो छायाचित्रांतून शेताचा नकाशा जोडणे ही कोरांमध्ये सहज वाटून देता येणारी कामे आहेत. सेतू केंद्रातले अर्ज भरण्यासाठी किंवा दुकानाच्या हिशेबासाठी सहा कोर भरपूर झाले. फक्त व्हिडिओचेच काम असेल, तर इंटेलच्या अंतर्भूत ग्राफिक्समधली क्विक सिंक ही सोय कॅमेऱ्याच्या फाइली उलगडण्याचा मोठा भार उचलते. मात्र नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये ते ग्राफिक्स नसते, हे खरेदीच्या वेळी पाहून घ्यावे.

वीज जाते तिथे यूपीएसचाही हिशेब करावा लागतो. बाजारातला ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, यूपीएसची क्षमता सांगणारे एकक) साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. २३० वॅटचा प्रोसेसर आणि २०० वॅटचे ग्राफिक्स कार्ड एकदम भाराखाली असताना वीज गेली, तर हा यूपीएस संगणकाला क्षणभरही सांभाळू शकणार नाही. इको मोडमध्येही हीच जोडी ३४२ वॅटवर जाते आणि मॉनिटर, मदरबोर्ड व हार्ड डिस्क यांना जेमतेम १८ वॅट उरतात, म्हणून असा प्रोसेसर घेणाऱ्याने १००० व्हीएच्या वरच्या यूपीएसचे पैसे सुरुवातीलाच किमतीत धरावेत.