काकूंची पैठणी आणि पैशाची दिशा

बेळगावच्या शहापुरात आमच्या काकूंच्या घरामागे अजून मागाचा आवाज येतो. त्या खटाक-खटच्या तालावर दुपारची झोप काढणाऱ्या बाईने मोबाइलवर साडी मागवावी, याला काय म्हणायचं? पण दिवाळी दहा दिवसांवर आली होती. इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली, 'येवल्याची हातमागाची पैठणी, फक्त 1,899 रुपये', आणि खाली लाल आकड्यांत उलटं पळणारं घड्याळ. काकूंनी पैसे भरले. पैठणी आली नाही.

इथपर्यंतची गोष्ट आता घरोघरी सापडते. खरा फटका पुढे बसला. त्या पेजवर फोन नंबर नव्हता, म्हणून काकूंनी इंटरनेटवर 'कस्टमर केअर' शोधलं. सापडलेला नंबर लगेच लागला (तेव्हाच शंका यायला हवी होती!). पलीकडचा मुलगा 'काकू, काकू' करत गोड मराठीत बोलला, झाल्या प्रकाराबद्दल माफी मागितली आणि रिफंडसाठी व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करा, पिन टाका, पैसे खात्यात येतील. काकूंनी टाकला. "फेल गेलं, परत टाका." परत टाकला. 9,499 रुपये दोनदा गेले.

"अरे, पैसे परत देतो म्हणाला की तो!" हे त्या दिवशी काकूंनी निदान वीस वेळा म्हटलं असेल.

काकू भोळ्या नाहीत. खडेबाजारात भाजीवालीकडून कोथिंबिरीची जुडी वर घेतल्याशिवाय त्या हलत नाहीत. त्यांना कळलं नव्हतं ते एवढंच, की यूपीआयमध्ये पिनला एकच दिशा असते. 2016 साली ही व्यवस्था सुरू झाली तेव्हापासून तिचा गाभा बदललेला नाही. आपण पिन टाकतो तेव्हा तो कूटबद्ध होऊन आपल्याच बँकेकडे जातो. बँक तो पडताळते आणि आपल्या खात्यातून रक्कम वजा करते. पैसे येताना आपल्या बँकेला आपल्याकडून काहीच नको असतं. ती गुपचूप जमा करून मेसेज पाठवते. पिन म्हणजे विड्रॉल स्लिपवरची सही. कोणी आपल्या खात्यात पैसे भरायला बँकेत गेला, तर आपण त्याच्यासाठी विड्रॉल स्लिपवर सही करतो का?

क्यूआर कोडचंही तसंच. जपानमधल्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. काळ्या-पांढऱ्या चौकोनांत फक्त मजकूर साठवलेला असतो, आणि वर दुरुस्तीसाठी जादा माहिती. ही जादा माहिती भरपूर ठेवली तर कोडचा सुमारे 30 टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. म्हणून हार-फुलांच्या दुकानातला, कुंकवाचं बोट लागलेला कोडही चालतो. पैशाच्या कोडमधला मजकूर काय असतो? कोणाला द्यायचे, आणि कधी कधी किती द्यायचे. बस्स. 'कोडमधून पैसे येतील' हे वाक्य म्हणजे दुकानाच्या पाटीतून पैसे पडतील असं म्हणण्यासारखं आहे.

पूर्वी ठग 'कलेक्ट रिक्वेस्ट' पाठवायचे, म्हणजे मोबाइलवर थेट मागणीच यायची आणि लोक ती घाईत मंजूर करायचे. व्यक्तीने व्यक्तीला अशी मागणी पाठवण्याची सोय 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद झाली. ते दार बंद झालं, कोड आणि लिंकची खिडकी उघडीच आहे.

आता त्या दुकानाच्या पत्त्याकडे येऊ. वेबसाइटचं नाव डावीकडून वाचायची आपल्याला सवय, आणि ठगाचा सगळा धंदा त्या सवयीवर. पहिल्या एकट्या तिरप्या रेघेच्या (/) आधीचा भाग घ्यायचा आणि तो उजवीकडून मागे वाचायचा. शेवटचं टिंब आणि त्याच्या लगेच आधीचा शब्द, खरा मालक तिथे कळतो (आपल्याकडच्या 'डॉट को डॉट इन'सारख्या जोड शेपटीत आणखी एक शब्द मागे जायचं). त्याच्याही डावीकडे प्रसिद्ध कंपनीचं नाव कोणीही लिहू शकतो. 'बेळगाव गल्ली, मिरज' असा पत्ता असला तर माणूस मिरजेतच राहतो. गल्लीचं नाव बेळगाव असल्याने तो बेळगावकर होत नाही.

शिवाय अक्षरांची फसवाफसवी. इंग्रजी 'आर' आणि 'एन' चिकटून आले की घाईत 'एम' दिसतात. रशियन लिपीतला 'अ' इंग्रजी 'ए'सारखाच दिसतो, पण संगणकाच्या लेखी दोघांचे क्रमांक वेगळे, म्हणजे पत्ताही वेगळा. दोन-तीन लिप्यांच्या पाट्या वाचत वाढलेल्या आपल्या सीमाभागातल्या माणसाला हे पटकन समजावं. कन्नड 'र'च्या पोटात टिंब दिलं की 'ठ' होतो. लांबून बसवरची पाटी वाचताना कितीदा चुकलोय आपण!

आणि वेबसाइटच्या पत्त्याशेजारी दिसायचं ते कुलूप? 'कुलपाचं चिन्ह असेल तर साइट सुरक्षित' हा सल्ला अजून फिरतो. कुलूप एवढंच सांगत होतं की तुमचा मोबाइल आणि ती साइट यांच्यामधलं बोलणं तिसऱ्याला ऐकू येत नाही. समोरचा साव की चोर, हा त्याचा विषयच नाही, आणि त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र चोरालाही फुकट मिळतं. गुगलने 2021 मध्ये पाहणी केली तेव्हा सहभागी लोकांपैकी फक्त 11 टक्क्यांना कुलपाचा नेमका अर्थ सांगता आला. शेवटी 2023 मध्ये क्रोममधून ते चिन्हच काढलं.

पण खरं सांगू का, काकूंना पत्ता वाचायला शिकवूनही त्या दिवशी उपयोग झाला नसता. कारण ते लाल घड्याळ. 1975 मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ स्टीफन वॉर्चेल आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. काहींना दहा बिस्किटांची बरणी दिली, काहींना दोनच बिस्किटांची. बिस्किटं तीच, तरी दोनवाल्यांना ती जास्त हवीशी वाटली. ज्यांच्यासमोर दहाची बरणी काढून दोनची ठेवली, त्यांना तर त्याहून जास्त. 'फक्त 2 शिल्लक' ही पाटी त्याच बरणीतून येते. गंमत म्हणजे ही पाटी नावाजलेली दुकानंही लावतात. खोटी घाई दाखवणं हा केंद्र सरकारने 30 नोव्हेंबर 2023 च्या नियमावलीत ग्राहकांना चकवणाऱ्या 13 प्रकारांपैकी एक ठरवला आहे. पण ठग कुठे नियमावली वाचत बसतोय. घाई झालेला मेंदू किमतीचा हिशेब करत नाही. कारागिराचे कित्येक दिवस खाणारी हातमागाची पैठणी 1,899 रुपयांत येणार कुठून, हा प्रश्न विणकरांच्या गल्लीत राहणाऱ्या काकूंना एरवी पहिल्याच मिनिटाला पडला असता.

सणात आणखी दोन गोष्टी वाढतात. 'पत्ता अपुरा, पार्सल अडकलंय, 25 रुपये भरा' हा मेसेज. 25 रुपयांचं निमित्त, हवा असतो कार्डाचा नंबर. आणि लग्नपत्रिका किंवा ऑफर म्हणून येणारी एपीके फाइल. पत्रिका असेल तर ती चित्र किंवा पीडीएफ असते, एपीके म्हणजे ॲप. ते बसवून एसएमएस वाचायची परवानगी दिली की ओटीपी आपल्याआधी ठगाकडे. न मागवलेलं कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल घरातल्या आजोबांनी पैसे देऊन ठेवून घेणं हा प्रकार वेगळाच; त्यावर तंत्रज्ञानात उत्तर नाही, घरातल्यांना सांगून ठेवणं एवढंच.

काकूंच्या बँकेचा मेसेज इंग्रजीत आला होता. तो त्यांनी उघडला, पण वाचला नाही. त्या मराठी शाळेत शिकल्या, कन्नड बाजारापुरतं, इंग्रजी नाही. त्यामुळे फोनवरचा मराठी बोलणारा मुलगाच त्यांना खरा वाटला. पुतण्याला त्यांनी सांगितलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि मग 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन गेला.

ही रात्र महागात पडली. गेलेला पैसा एका खात्यात थांबत नाही. भाड्याने घेतलेल्या खात्यांतून तो पुढे पुढे ढकलला जातो आणि कुठेतरी एटीएममधून निघतो. 1930 वर तक्रार नोंदली की ती साखळीतल्या बँकांकडे जाते आणि जिथे रक्कम सापडेल तिथे ती रोखून धरतात. त्यासाठी व्यवहाराचा 12 अंकी क्रमांक हाताशी हवा, तो यूपीआय ॲपमध्येच दिसतो. बँकेलाही त्याच वेळी कळवायचं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या नियमांप्रमाणे पिन स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं.

1930 वर पलीकडून कन्नडमधून बोलणं सुरू झालं तेव्हा काकूंनी फोन पुतण्याकडे दिला. 18,998 पैकी 7,200 रुपये एका खात्यात सापडले आणि रोखले गेले. ते अजून तिथेच गोठलेले आहेत. काकूंनी आता दोन इंग्रजी शब्द ओळखायला शिकून घेतलेत, डेबिट आणि क्रेडिट. कॅलेंडरच्या मागे त्यांनी ते इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवलेत, एकासमोर दाराबाहेर जाणारा बाण, दुसऱ्यासमोर आत येणारा.