ओठ आतून फुटला की आरपार फाटला?

तालमीत समोरच्याचं डोकं तोंडावर आदळतं, गांधी मैदानात चेंडू ओठावर बसतो आणि बघता बघता शर्ट रक्तानं माखतो. रक्त किती आलं यावरून जखम जोखू नका. ओठाला रक्तपुरवठा भरपूर, त्यात लाळ मिसळली की चमचाभर रक्तही वाटीभर वाटतं.

आधी रक्त थांबवा. माणसाला बसवून पुढं वाकवा, रक्त थुंकू द्या. गिळलं तर उलटी होते. स्वच्छ सुती कापडाची घडी करून ओठ आतून-बाहेरून चिमटीत धरा आणि घड्याळ लावून 10 मिनिटं दाबा. मध्येच उघडून बघितलं की धरलेली गुठळी निघते. हळद, कॉफी, मशेरी काहीही भरू नका. जखम धुताना हे कण निघता निघत नाहीत, आणि कातडीत राहिले तर डाग कायमचा.

मग उजेडात ओठ उलटून बघा.

चीर फक्त आतल्या मऊ अस्तराला असेल, 1 सेंटिमीटरपेक्षा लहान असेल आणि कडा आपोआप जुळत असतील, तर बहुधा टाके लागत नाहीत. दोन दिवसांत तिच्यावर पांढरट-पिवळी साय धरते. तो पू नव्हे, खरवडू नका. सूज वाढत गेली, ताप आला, तर मात्र दाखवा. जेवणानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चूळ भरा. चार दिवस मिसळ आणि तांबडा रस्सा बंद, दहीभात बरा.

आरपार जखम फसवते ती इथंच. बाहेर, ओठाच्या खाली, जेमतेम तांदळाएवढी चीर दिसते आणि आत तिच्याच रेषेत दुसरी, मोठी असते. चूळ भरताना पाणी बाहेरच्या चिरेतून झिरपलं, तर आरपारच समजा; झिरपलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका. अशी जखम आतलं अस्तर, स्नायू, कातडी असे थर जुळवून शिवावी लागते. त्याच दिवशी कोल्हापूरच्या सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या अपघात विभागात किंवा प्लास्टिक सर्जनकडे जा.

ओठाचा लाल भाग आणि कातडी यांच्यामधली रेषा चिरली असेल, तर जखम उथळ असली तरी जा. तिथं 1 मिलिमीटरची चूकही बोलताना, हसताना दिसते. म्हणून सर्जन पहिला टाका त्या रेषेवरच घालतात, तोही भुलीच्या इंजेक्शननं ओठ सुजून रेषा पुसट होण्याआधी खूण करून.

निघण्यापूर्वी दात मोजा. तुकडा उडाला असेल आणि सापडत नसेल, तर तो ओठात रुतलेला असू शकतो, श्वासनलिकेतही गेलेला असू शकतो. डॉक्टरांना आवर्जून सांगा, एक्स-रे काढतील. कायमचा दात मुळासकट निघाला असेल, तर मुळाला हात न लावता तोंडात दिसणाऱ्या पांढऱ्या भागाला धरून थंड दुधात टाका आणि अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्य गाठा.