आम्ल बनवणाऱ्या जिवाणूचं पेटंट हवंय? आधी जिवाणू जमा करा

किण्वनातून लॅक्टिक, सक्सिनिक किंवा ग्लुकॉनिक आम्ल बनवणारा नवा स्ट्रेन (जिवाणूचा विशिष्ट वाण) तुमच्याकडे आहे आणि त्याचं पेटंट घ्यायचं आहे, तर नुसतं लेखी वर्णन सहसा पुरत नाही. वर्णन वाचून कुणाला तोच जिवाणू पुन्हा मिळवता येत नाही. म्हणून १९७७ चा बुडापेस्ट करार आहे. त्याखाली मान्यता असलेल्या एका संस्थेत जिवाणू जमा केला की सर्व सदस्य देशांची पेटंट कार्यालयं ती नोंद मान्य करतात. जर्मनीतली डीएसएमझेड, अमेरिकेतली एटीसीसी, चंडीगडची एमटीसीसी या अशा संस्था.

जमा कुणीही करू शकतं: व्यक्ती, कंपनी, विद्यापीठ. नागरिकत्वाची अट नाही. अडचण येते ती जिवाणूवरून. कोणते सूक्ष्मजीव आणि कोणत्या जोखीम गटापर्यंतचे (आजार पसरवण्याच्या धोक्यानुसार केलेले गट) घ्यायचे, हे प्रत्येक संस्थेचं वेगळं असतं. शुल्कही वेगळं. परदेशी पाठवायचा किंवा जनुकीय बदल केलेला स्ट्रेन असेल, तर लागणारे परवाने आधी विचारून घ्या.

जिवाणूसोबत सहीचं निवेदन लागतं. बीपी/१ हा त्याचा नमुना. त्यात नाव-पत्ता, स्ट्रेनला तुम्ही दिलेला क्रमांक, ठेव मुदतीआधी परत न घेण्याची हमी आणि आरोग्याला किंवा पर्यावरणाला असलेला धोका लिहायचा. धोका माहीत नसेल तर तसं लिहिलेलं चालतं, रकाना कोरा चालत नाही. सर्वांत जास्त वेळ द्या तो वाढीच्या, साठवणीच्या आणि जिवंतपणा तपासण्याच्या पद्धतीला. सक्सिनिक आम्ल देणाऱ्या अ‍ॅक्टिनोबॅसिलस सक्सिनोजेनीसला कार्बन डायऑक्साइड लागतो. लॅक्टिक आम्लाचे जिवाणू स्वतःच्याच आम्लाने मंदावतात. हे तपशील गाळले, तर चांगला स्ट्रेनही तिथे उगवणार नाही. मिश्र कल्चर (एकत्र वाढवलेले अनेक सूक्ष्मजीव) असेल तर घटक आणि ते ओळखण्याची पद्धत द्या. जातीचं शास्त्रीय नाव सक्तीचं नाही, पण द्यावंच.

संस्था जिवाणू तपासते, पावती आणि नोंदणी क्रमांक देते. हा क्रमांक पेटंट अर्जात येतो. बहुतेक देशांत अर्ज दाखल करण्याच्या तारखेपर्यंत जिवाणू जमा झालेला असावा लागतो. कुरिअर आणि सीमाशुल्कात दिवस जातात, त्यामुळे पार्सल लवकर पाठवा.

ठेव किमान ३० वर्षं राहते आणि नमुन्याची शेवटची मागणी आल्यापासून निदान ५ वर्षं. मध्येच नमुना मेला, तर संस्थेची सूचना मिळाल्यापासून ३ महिन्यांत पुन्हा जमा करता येतो. हा तोच जिवाणू आहे असं सहीनिशी लिहून द्यावं लागतं आणि मूळ तारीख टिकते. त्यासाठी अस्सल स्ट्रेनच्या काही कुप्या स्वतःच्या फ्रीझरमध्ये राखून ठेवा.